ओरडल्याशिवाय ऐकतात का? नव्या नगरसेविकेला एका निवृत्त नगरसचिवाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनतीनदा वाचला. तुम्ही पहिल्यांदाच निवडून आलात, तुमचा गट पाच जणांचा, पहिल्याच सर्वसाधारण सभेत तुम्ही शांतपणे उभ्या राहून वॉर्डातल्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारलंत तर कोणी ढुंकून बघितलं नाही, मागून कोणीतरी "बसा हो मॅडम खाली" म्हणालं, आणि नंतर चहा घेताना तुमच्याच गटातले एक ज्येष्ठ म्हणाले की इथे सभ्यपणा चालत नाही, हौदात, म्हणजे महापौरांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरा, माइक ओढा, मग दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं. आणि तुम्ही विचारताय की सभ्य राहून खरंच नेतृत्व करता येतं का, का हे फक्त सत्कार समारंभात बोलायचं असतं.

करता येतं. मी हे ऐकीव सांगत नाहीये. एका महापालिकेच्या नगरसचिव विभागात मी लघुलेखिका म्हणून लागले आणि सचिवाच्या खुर्चीवरून निवृत्त झाले, मध्ये 31 वर्षं गेली. महापौरांच्या शेजारी बसून विषय पुकारायचे, कोण काय बोललं ते लिहायचं, मतदान घ्यायचं, कार्यवृत्तांत, म्हणजे सभेची अधिकृत लेखी नोंद तयार करायची, हेच काम. किती महापौर आले आणि गेले, किती पक्ष सत्तेत आले आणि विरोधात गेले, खुर्ची बदलली की तोच माणूस काल ज्याला लोकशाहीची हत्या म्हणत होता त्यालाच आज शिस्त म्हणताना मी बघितलाय, त्यामुळे मला कुठल्याही पक्षाचा पुळका नाही.

आधी लघुलेखनाच्या वहीतली एक गोष्ट सांगते, ती तुमच्या ज्येष्ठांनी कधी बघितली नसणार. एक माणूस बोलत असेल तर आम्ही त्याचा शब्द न शब्द उतरवतो. दोघं एकदम बोलायला लागले तर कसंबसं जमतं. पण पंधरावीस जण उठून ओरडायला लागले की हात थांबतो, काहीच ऐकू येत नाही, आणि मग आम्ही कंसात दोन शब्द लिहितो : सभागृहात गोंधळ. बस. अर्धा तास घसा फोडून ओरडलेलं सगळं, त्यातला राग, त्यातली खरी तक्रार, त्या दोन शब्दांत संपते. दहा वर्षांनी कोणी माहिती अधिकारात ते पान मागितलं तर त्याला तुमचा मुद्दा काय होता ते कळणार नाही, तुमचं नावसुद्धा दिसणार नाही. पण त्याच पानावर खाली "विषय मंजूर" हे मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं.

हे "मंजूर" कसं होतं ते मी एका रात्रीवरून सांगते. आमच्याकडे एका सभेत पन्नासच्या आसपास विषय होते, त्यात एक शाळेसाठी आरक्षित असलेल्या जागेचं आरक्षण बदलण्याचा. विरोधी बाजूचे एक सभासद, पेशानं शिक्षक, दोन आठवडे त्या विषयामागे लागलेले होते, जुना नकाशा काढला, आजूबाजूच्या शाळांमध्ये एकेका वर्गात किती मुलं बसतात ते मोजून आणलं, हातात फाइल घेऊन बसले होते. पण त्यांचा विषय यायच्या आधीच त्यांच्याच पक्षातल्या तिघाचौघांनी दुसऱ्या कुठल्यातरी कारणावरून, बहुतेक बॅनर काढल्यावरून, हौदात उतरून घोषणा सुरू केल्या, एकानं मानदंड, म्हणजे महापौरांसमोर ठेवलेला अधिकाराचा दंड उचलला, शिपाई मागे धावले, कागद फाडून उडवले गेले. महापौरांनी मला खूण केली, विषय पुकारा. मी पुकारत गेले आणि सत्ताधारी बाकावरून मंजूर, मंजूर, मंजूर. सहासात मिनिटांत सगळी कार्यपत्रिका संपली, लगेच सभा संपवायचं राष्ट्रगीत सुरू झालं, आणि राष्ट्रगीत सुरू झाल्यावर सगळे जागच्या जागी उभे, हौदातलेही. ते शिक्षकही फाइल छातीशी धरून उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात मानदंड उचलणाऱ्याचा फोटो होता, आरक्षणाबद्दल एक ओळ नव्हती, आणि त्या जागेवर शाळा झाली नाही.

मला हे कळायला बरीच वर्षं लागली, पण तेव्हापासून पक्कं डोक्यात बसलंय : गोंधळाचा फायदा नेहमी ज्याच्याकडे बहुमत आहे त्याला होतो. त्याला चर्चा नकोच असते, त्याला फक्त मोजायची डोकी लागतात. उत्तर द्यायची जबाबदारी येते ती चर्चा झाली तरच. काही वेळा तर समोरच्या बाकावरचा एखादा अनुभवी माणूस मुद्दाम काहीतरी टोचून बोलतो, आई-बापाचा उद्धार करतो, तुमच्या गावावरून जातीवरून बोलतो, आणि तुमचा तरुण सभासद उसळून उठतो, आणि मग झालं. मी डोळ्यांनी बघितलंय की गटनेत्यांच्या बैठकीतून बाहेर पडताना लोक हसत एकमेकांना सांगतात, अमक्याला आज जरा छेडा, म्हणजे तो विषय आपोआप निघून जाईल. म्हणून मी नव्या सभासदांना, विशेषतः छोट्या गटाच्या लोकांना सांगायची की शांतता ही तुमची गरज आहे, त्यांची नाही. पाच जणांच्या गटाकडे दुसरं काय असतं? ऐकून घेतलं जाण्याचा हक्क, एवढंच.

आता सभ्यता म्हणजे गोड बोलणं असा जो समज आहे, तो मला अजिबात मान्य नाही. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते, सरकारनं नेमलेले. व्हाइसरॉय पुण्यात येणार म्हणून त्याच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा विषय आला, तेव्हा 32 सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. तेव्हाचे हजार रुपये, आणि समोर इंग्रज अध्यक्ष, आणि नेमणूक सरकारनंच केलेली. खर्च मंजूर झालाच. पण आज त्या बाकीच्या 31 जणांची नावं कोणाच्या तोंडात आहेत? पुण्यातल्या मंडईच्या इमारतीवर लाखो रुपये घालायलाही त्यांचा विरोध होता, त्याच कारणासाठी, आणि आज ती मंडई महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. फुल्यांची भाषा किती कडक होती ते महाराष्ट्राला सांगायला नको. सभागृहातला विरोध जितका धारदार तितका चांगला, मी त्याच बाजूची आहे. फक्त तो विषयावर पाहिजे, मोजता येईल असा पाहिजे, आणि कागदावर उतरेल असा पाहिजे.

पण तुमच्या ज्येष्ठांवर सगळं ढकलून मला मोकळं व्हायचं नाहीये, कारण गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा खाली नाही, वर होते, पीठासनावर, म्हणजे सभा चालवणाऱ्या अध्यक्षाच्या खुर्चीवर. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 1907 ची सुरतची काँग्रेस. शाळेत आपण शिकतो की जहाल आणि मवाळ भांडले, जोडा फेकला गेला, काँग्रेस फुटली. मी सचिवाच्या नजरेनं ते सगळं परत वाचलं तेव्हा मला दिसलं वेगळंच. अधिवेशन मुळात नागपूरला व्हायचं होतं, ते मवाळांनी सुरतला हलवलं, म्हणजे जागेपासूनच संशय. पहिल्या दिवशी, 26 डिसेंबरला, सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उभे राहिले तर त्यांना ओरडून खाली बसवलं गेलं, हे जहालांकडून झालं आणि ते चूकच होतं. दुसऱ्या दिवशी टिळकांनी रीतसर चिठ्ठी पाठवली स्वागताध्यक्षांना, की अध्यक्षांच्या निवडीचा ठराव येईल तेव्हा मला तहकुबीची सूचना मांडायची आहे. लेखी नोटीस, आगाऊ, जशी असायला पाहिजे तशी. चिठ्ठीला उत्तर नाही. ठराव पुढे रेटला, रासबिहारी घोष अध्यक्ष झाले असं जाहीर केलं, टिळक व्यासपीठावर चढले तर त्यांना तुम्हाला बोलता येणार नाही म्हणून सांगितलं. ते हाताची घडी घालून उभेच राहिले. मग कुठूनतरी तो दक्षिणी जोडा आला, बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला, खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या.

एका चिठ्ठीचं उत्तर दिलं असतं तर? पाच मिनिटं बोलू दिलं असतं तर? टिळकांकडे तिथे बहुमत होतं असं नाही, ठराव पडलाही असता. पण पडलेला ठराव माणूस पचवतो, न ऐकलेला ठराव पचवत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी महापौरांना सगळ्यात जास्त वेळा कुठला सल्ला दिला असेल तर हाच, साहेब, बोलू द्या, तीन मिनिटं द्या, नाहीतर तीस मिनिटं जातील.

आणि त्याच सुरतमध्ये, त्याच क्षणी, एक गोष्ट झाली जी मला नेतृत्वाची खरी खूण वाटते. लोक टिळकांवर धावून येत होते तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले, म्हणजे समोरच्या गटाचे पुढारी, पुण्यातले टिळकांचे पक्के विरोधक, दोन्ही हात पसरून टिळकांना वाचवायला त्यांच्या बाजूला उभे राहिले, हे तिथे हजर असलेल्या एका इंग्रज पत्रकारानं लिहून ठेवलंय. विचार करा, डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून या दोघांचं पटत नव्हतं, वर्तमानपत्रातून एकमेकांवर काय काय लिहिलं होतं, आणि आता आपल्याच गटाची माणसं काठ्या घेऊन येतायत तर हा माणूस त्यांना आडवा गेला. काँग्रेस परत एक झाली ती 1916 ला लखनौला, नऊ वर्षं वाया गेली, आणि ते बघायला गोखले राहिले नव्हते. 19 फेब्रुवारी 1915 ला ते गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते, तिथून खाली आले, आणि स्मशानात बोलताना त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, त्यांच्यासारखं काम करा म्हणून सांगितलं. शेवटपर्यंत मतं जुळली नाहीत. जुळायची गरजही नव्हती.

म्हणून माझं मत असं झालंय की नेता ओळखायचा तर तो विरोधकाशी कसा वागतो यापेक्षा आपल्या माणसाला कधी थांबवतो ते बघायचं. विरोधकाला सुनावणं सोपं असतं, मागून टाळ्याच पडतात. आपल्या बाकावरच्या माणसाला सगळ्यांदेखत "बस खाली, हे चालणार नाही" म्हणायला किंमत मोजावी लागते, तो माणूस उद्या तुमच्या विरोधात जाऊ शकतो. आमच्याकडे एक महापौर होत्या, फार शिकलेल्या नव्हत्या, भाषणं तर कागदावरूनच वाचायच्या. एकदा एक नवीन सभासद बाई, विरोधी पक्षाच्या, सार्वजनिक स्वच्छतागृहांबद्दल बोलत होत्या, तर सत्ताधारी बाकावरून एक जण अतिशय घाण काहीतरी बोलला, मी इथे लिहिणार नाही. सभागृहात हशा झाला. हशा झाला हे मला जास्त लागलं. महापौरबाईंनी घंटा वाजवली नाही, ओरडल्या नाहीत, त्या उभ्या राहिल्या आणि सगळे गप्प होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग त्या सभासदाला, जो त्यांच्याच पक्षाचा आणि चार वेळा निवडून आलेला होता, त्याला म्हणाल्या की तुमचं वाक्य मी कार्यवृत्तांतातून काढून टाकतेय, पण तुम्ही माफी मागितलीत हे त्यात लिहिलं जाणार आहे, आणि तोपर्यंत सभा पुढे जाणार नाही. पक्षाचे लोक मागून चिठ्ठ्या पाठवत होते, मॅडम सोडून द्या. त्यांनी सोडलं नाही. वीस मिनिटं सगळे तसेच बसून होते. शेवटी तो उठला आणि माफी मागितली. त्या सभेनंतर अडीच वर्षांच्या मुदतीत बायकांवर तशी कॉमेंट परत झाली नाही, आणि स्वच्छतागृहांचा विषय दोन्ही बाजूंनी चर्चा होऊन बजेटमध्ये गेला. 2011 पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण नुसत्या जागा असून भागत नाही, त्या जागेवर उभं राहून बोलता आलं पाहिजे, आणि ते पीठासनावरच्या माणसाच्या कण्यावर अवलंबून असतं.

माफीवरून आठवलं. राजकारणात माफी मागितली की संपलो असं लोकांना वाटतं. गोखल्यांचंच बघा, 1897 साली ते इंग्लंडमध्ये असताना पुण्यातून आलेल्या पत्रांवर भरवसा ठेवून प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं ते जाहीरपणे बोलले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला तर माहिती देणारं कोणी पुढे येईना. त्यांनी जाहीर माफी मागितली. केवढी छी थू झाली त्यांची, आपल्याच लोकांकडून, भित्रा म्हणाले. लोकांवर प्लेगच्या नावाखाली जुलूम झाला होता हे खरंच होतं, त्यामुळे ती माफी बरोबर होती का यावर आजही वाद घालता येईल. पण पाच वर्षांत तोच माणूस व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये बजेटवर उभा राहिला, आणि त्याच्या आकड्यांना सरकारला उत्तर द्यावं लागायचं, कारण हा माणूस सिद्ध करता येणार नाही ते बोलत नाही हे सगळ्यांना माहीत झालं होतं. आजच्या काळात तर हे अजून महत्त्वाचं आहे, व्हॉट्सअॅपवर आलेला कागद हातात धरून सभागृहात बोलू नका ताई. आधी आमच्यासारख्या कोणाकडून खात्री करून घ्या. एकदा आकडा खोटा निघाला की पुढच्या पाच वर्षांत तुमचा खरा आकडासुद्धा कोणी ऐकणार नाही.

आणि उत्तर द्यायच्या बाजूला असाल तर कसं वागायचं? कधीतरी तुम्हीही सत्तेत याल. मला यात बाबासाहेबांपेक्षा मोठं उदाहरण सापडलेलं नाही. संविधानाच्या मसुद्यावर 7635 दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या 2473 प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या, हे आकडे त्यांनीच दिलेत. त्यातल्या कितीतरींवर बाबासाहेबांनी स्वतः उत्तर दिलं, तब्येत साथ देत नव्हती तरी. काही सभासद तर सारखे उठायचे, ह. वि. कामथ, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू, आणि बहुतेक दुरुस्त्या नामंजूर व्हायच्या. 25 नोव्हेंबर 1949 च्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी या मंडळींची नावं घेतली आणि त्यांचे आभार मानले. म्हणाले की सगळेच पक्षशिस्तीत राहिले असते तर हे कामकाज नीरस झालं असतं, त्यांच्या सूचना मी मान्य करू शकलो नाही म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं. ज्यांनी तुमचं काम लांबवलं, तुम्हाला तासन् तास उभं ठेवलं, त्यांना नाव घेऊन धन्यवाद देणं. आमच्याकडे एखादी उपसूचना मान्य करताना ती मांडणाऱ्याचं नावसुद्धा घेत नाहीत, श्रेय जाईल म्हणून.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण ऐकतच नसतील तर? खरं आहे, असंही होतं. चांगलं वागूनही माइक बंद करतात. मग सभात्याग करा, काळ्या फिती लावा, पायऱ्यांवर बसा, मोर्चा काढा, हे सगळं लोकशाहीतच बसतं. 30 नोव्हेंबर 1957 ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक काळे झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. गोळीबारात शंभराच्या वर माणसं मेलेली, त्या जखमा ताज्या, समोर पंतप्रधानांची गाडी, आणि तरीही निदर्शनं शांततेत पार पडली. एसेम जोशींसारखे नेते होते म्हणून ते झालं, लोक आपोआप शांत राहत नसतात, त्यांना कोणीतरी आधीपासून सांगून, समजावून, हात धरून ठेवावं लागतं. दिल्लीला त्या दिवशी जे कळलं ते दगडांनी कळलं नसतं, दगड मारले असते तर नुसत्या दगडांचीच चर्चा झाली असती. त्यामुळे निषेध करू नका असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त सभात्याग करायच्या आधी दोन वाक्यांत कारण नोंदवा, मी अमक्या विषयाला विरोध करून बाहेर जातेय, म्हणजे ते लिहिलं जातं. न बोलता धाडधाड निघून गेलात तर आम्ही काय लिहिणार?

आता तुमच्या रोजच्या कामाचं थोडं बोलते. बऱ्याच महापालिकांत 2022 पासून प्रशासकच होते, सभागृहच नव्हतं, त्यामुळे तुमच्यासारख्या नव्या लोकांनी काम कसं चालतं हे बघितलेलंच नाही, आणि जे बघितलंय ते मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये. मी निवृत्त व्हायच्या शेवटच्या काही वर्षांत तर सभासद पीठासनाकडे तोंड करून बोलायचेच नाहीत, आपल्या कार्यकर्त्याच्या मोबाइलकडे बघून बोलायचे, क्लिप झाली की बाहेर. समोरच्यानं काय उत्तर दिलं ते ऐकायला थांबायचेच नाहीत. तुम्ही थांबा. तेवढ्यानंसुद्धा तुम्ही वेगळ्या दिसाल. उत्तर ऐका, लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात कार्यवृत्तांत कायम करायच्या वेळी तेच उत्तर वाचून दाखवा, की साहेब आपण म्हणाला होतात पंधरा दिवसांत टाकी साफ होईल, झाली नाही. हे शांतपणे विचारलेलं वाक्य किती जड पडतं ते मी अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर बघितलंय. ओरडणाऱ्याला ते घाबरत नाहीत, ओरडणारा पुढच्या सभेला विसरलेला असतो. लक्षात ठेवणाऱ्याला घाबरतात.

प्रश्न लेखी द्या, मुदतीत द्या, पोच घ्या. बोलायला उठताना विषय क्रमांक आधी सांगा. सुरुवातीला आभार आणि शहराचा इतिहास नको, तीन मिनिटांतलं एक मिनिट त्यात जातं. "तुम्ही चोर आहात" म्हणण्यापेक्षा "हे टेंडर अंदाजपत्रकापेक्षा इतक्या टक्क्यांनी जादा दरानं का गेलं" म्हणा, पहिल्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर उत्तर द्यावं लागतं. महत्त्वाच्या विषयावर आवाजी मंजुरी होऊ देऊ नका, मतदान मागा, नावानिशी, त्यासाठी किती सभासदांनी मागणी करावी लागते ते तुमच्या सचिवांना आधीच विचारून ठेवा. मतदान मागितलं की सत्ताधाऱ्यांतलेही दोनचार जण पाणी प्यायला बाहेर जातात, नोंद नको असते त्यांना. हरलात तर लेखी विरोध द्या. कोणी टोचून बोललं तर त्याच्याकडे बघूच नका, पीठासनाकडे बघून म्हणा की हरकतीचा मुद्दा आहे, हा शब्द कामकाजातून काढावा. आवाज चढवायचा तो तेवढ्यापुरता, आणि मग परत आपल्या विषयावर. हे लिहायला सोपं आहे, प्रत्यक्षात कान लाल होतात, हात थरथरतात, माहीत आहे मला. मी कितीजणींना सभा संपल्यावर आमच्या केबिनमध्ये येऊन रडताना बघितलंय आणि त्याच पुढच्या सभेत परत उभ्या राहिलेल्याही बघितल्यात.

त्या "बसा हो मॅडम" म्हणणाऱ्याला काय करायचं विचारलंत. पुढच्या वेळी बसू नका. नुसतं म्हणा, मा. महापौर, मला आपण बोलायला परवानगी दिली आहे ना? एवढंच. निर्णय त्यांच्यावर टाका. त्यांनी हो म्हटलं तर तो माणूस गप्प होईल, त्यांनी नाही म्हटलं तर ते नोंदीवर जाईल की महापौरांनी पाण्याच्या प्रश्नावर बोलू दिलं नाही, आणि कुठल्याच महापौरांना ती नोंद नको असते.

आणि तुमच्या गटातल्या त्या ज्येष्ठांशी भांडू नका. त्यांना बहुतेक अशीच सभागृहं मिळाली असतील. फक्त पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी तुमच्या पाच जणांची बैठक लावा, कार्यपत्रिका मधे ठेवा, आणि कोण कुठल्या विषयावर बोलणार ते वाटून घ्या, त्यांनाही एक मोठा विषय द्या, बजेटमधला द्या, तयारी करून द्या. माणसाकडे बोलायला काही असलं की तो माइक ओढत नाही, असा माझा अनुभव आहे.

टाकीचा विषय परत आणायचा असेल तर मागची उत्तरं शोधावी लागतील. तुमच्या नगरसचिव विभागात जुने कार्यवृत्तांत बांधून ठेवलेले असतात, तुम्ही सभासद आहात, बघायला मागा, मागच्या दहा वर्षांत त्या टाकीबद्दल कोण काय बोललं आणि प्रशासनानं काय कबूल केलं ते तारखांसकट काढा. काही सापडलं की मला पाठवा, तीन मिनिटांत बसेल असं भाषण आपण मिळून करू.